फॉरेन्सिक संकेतस्थळांवरील धोक्याचा शिक्का: पार्श्वभूमी

साठवलेले पासवर्ड वाचणे, पुसलेल्या फाइली परत मिळवणे, मेमरीची प्रत घेणे ही कामे तपास अधिकारी करतो आणि डेटा चोरणाराही करतो. म्हणूनच अँटिव्हायरस फॉरेन्सिक, म्हणजे संगणकातील पुरावे शोधणाऱ्या, साधनांना धोकादायक ठरवतो आणि ती डाउनलोडसाठी ठेवणारी संकेतस्थळेही त्यात भरडली जातात. मालवेअरचे, म्हणजे घातक सॉफ्टवेअरचे, विश्लेषण करणाऱ्या लेखात उदाहरणादाखल दिलेल्या कोडच्या चार ओळीही कधीकधी त्यासाठी पुरतात.

१९९५ मध्ये नेटवर्कमधील कच्चे दुवे शोधणारे ‘सेटन’ खुले झाले, तेव्हाही अशा साधनांवरून वाद झाला होता. पुढे ब्राउझर धोकादायक पत्त्यांच्या याद्या वापरू लागले आणि शिक्का फाइलीवरून थेट संकेतस्थळावर गेला. ३१ जानेवारी २००९ रोजी एका शोधयंत्राच्या यादीत चुकून नुसती तिरकी रेघ (/), जी प्रत्येक पत्त्यात असते, नोंदली गेली आणि तासाभरात निस्तरेपर्यंत जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ धोकादायक दिसू लागले. २०१० मध्ये एका सुरक्षा कंपनीने १० निरुपद्रवी फाइलींना मुद्दाम मालवेअर ठरवले, तेव्हा काही दिवसांतच इतर अनेक कंपन्यांनी तोच निष्कर्ष उचलला. एकाची चूक अशी सर्वांची होते, ही गोष्ट आजही पुरेशी गांभीर्याने घेतली जात नाही.

दाद कोठे मागायची, हा खरा वादाचा मुद्दा. अमेरिकेतील १९९६ चा कायदा आक्षेपार्ह वाटणारा मजकूर सद्हेतूने अडवणाऱ्यास संरक्षण देतो. २००९ मध्ये तेथील एका अपील न्यायालयाने ते सुरक्षा सॉफ्टवेअरलाही लागू केले, मात्र एका न्यायाधीशाने स्वतंत्र मतात गैरवापराचा इशारा दिला. २०१९ मध्ये दोन स्पर्धक सुरक्षा कंपन्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्पर्धकाला रोखण्याच्या हेतूने केलेल्या अडवणुकीला हे संरक्षण नाकारले. त्याच खटल्यात २०२३ मध्ये बहुमताने ठरले की ‘मॅलिशस’ (घातक) आणि ‘थ्रेट’ (धोका) ही तपासून पाहता येणारी विधाने आहेत, त्यामुळे त्यांवर दावा चालू शकतो. ‘पोटेन्शियली अनवाँटेड प्रोग्रॅम’ (कदाचित नकोसा प्रोग्रॅम) हे मात्र केवळ मत आहे. हा भेद कायद्याच्या दृष्टीने नेमका असला, तरी फॉरेन्सिक साधनांच्या कर्त्यांना तो अन्यायकारक ठरतो. त्यांच्या वाट्याला अनेकदा हेच सौम्य लेबल येते, आणि डाउनलोड करणारा मात्र दोन्ही लेबलांना सारखाच घाबरून मागे फिरतो. न्यायालयाचा मार्ग असा अवघड असल्याने त्यांना प्रत्येक कंपनीकडे वेगळी तक्रार नोंदवावी लागते, आणि नवी आवृत्ती आली की पुष्कळदा तीच तक्रार पुन्हा करावी लागते.