जॅम, मार्मालेड आणि मुरंबा : घटक व लेबलविषयक नियम

फळ साखरेत शिजवून टिकविलेल्या पदार्थांत फळाचे प्रमाण किती असावे आणि बरणीवर कोणती माहिती छापावी, हे ठरविणारे भारतातील नियम. पूर्वी हे काम १९५५ चा फळ उत्पादन आदेश करीत असे. ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ व त्याखालील विनियम लागू आहेत.

जॅम, जेली व मार्मालेड (संत्रावर्गीय फळांचा सालीसह केलेला जॅम) यांत तयार पदार्थाच्या वजनाच्या किमान ४५ टक्के फळ आणि किमान ६५ टक्के विद्राव्य घनपदार्थ (पाण्यात विरघळलेले घटक, मुख्यतः साखर) असावे लागतात; स्ट्रॉबेरी व रासबेरीच्या जॅमला मात्र २५ टक्के फळ पुरते. मुरंब्यात फळ अख्खे किंवा मोठ्या फोडींच्या रूपात पाकात मुरते आणि त्याचे प्रमाण किमान ५५ टक्के लागते. दादरच्या दुकानांतील आवळ्याचा मोरावळा हा त्याचा परिचित नमुना.

फळाचा आणि विद्राव्य घनपदार्थांचा हे दोन आकडे एकत्र वाचले तरच बरणीचा खरा हिशेब कळतो. शंभर ग्रॅम आंब्याच्या जॅमसाठी ४५ ग्रॅम गर घेतला, तर त्यातून जेमतेम सात ग्रॅम घनपदार्थ मिळतात. उरलेले सुमारे ५८ ग्रॅम साखरेनेच भरून काढावे लागतात. महाबळेश्वरहून मुंबईत येणाऱ्या स्ट्रॉबेरी जॅममध्ये किमान प्रमाणातच फळ वापरले, तर साखर साठ ग्रॅमच्याही वर जाते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असल्याने अशा बरणीवर पहिले नाव साखरेचेच येते, आणि ते पूर्णपणे नियमाला धरून असते. म्हणून ग्राहकाने दर्शनी भागावरील फळाच्या चित्रापेक्षा मागची यादी आधी वाचावी. २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार, शब्दांनी वा चित्राने ठळक केलेल्या घटकाची टक्केवारीही सांगावी लागते. ही तरतूद ग्राहकाच्या सर्वाधिक उपयोगाची आहे.

याशिवाय चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, शाकाहारी चिन्ह, पोषणमूल्ये व त्यांत वरून घातलेली साखर, मिसळलेली रंग-परिरक्षकांसारखी द्रव्ये, निव्वळ वजन, तारखा आणि कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे सक्तीचे असून इतर भाषा ऐच्छिक आहे. मुंबईत घरगुती मोरावळा विकणाऱ्या गटांनी हा मजकूर मराठीतही छापावा, कारण त्यांचा बराचसा ग्राहक मराठीच वाचतो.

अंमलबजावणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे असून त्याचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करून एक अन्न विश्लेषकाकडे पाठवतो आणि विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. फळ कमी भरल्यास माल कमी दर्जाचा ठरून पाच लाखांपर्यंत, तर लेबल दिशाभूल करणारे असल्यास तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.