नॉकआउट झाला नाही म्हणजे डोकं शाबूत, असं नसतं

बॉक्सिंगमध्ये कुणी दगावलं की ठरलेली चर्चा सुरू होते. हेडगार्ड सक्तीचं करा, फेऱ्या कमी करा, आणि मग कुणीतरी हमखास मुहम्मद अलीचे थरथरणारे हात मध्ये आणतं. घोळ इथेच होतो. रिंगमध्ये कोसळून येणारा मृत्यू आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी जाणारी स्मरणशक्ती या दोन वेगळ्या इजा आहेत. पहिलीवर चालणारे बरेचसे उपाय दुसरीच्या वाटेलाही जात नाहीत.

पहिली बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. ठोशाने डोकं गर्रकन फिरतं, मेंदू जरा मागे राहतो, त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक शिरा फाटतात. आत रक्त साठून मेंदू दाबला जातो आणि मग एकेक मिनिट महत्त्वाचं ठरतं. 1982 मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडलेला कोरियाचा किम ड्यूक-कू काही दिवसांत गेला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती 15 फेऱ्यांवरून 12 वर आल्या. 1991 मध्ये लंडनला मायकेल वॉटसन कोसळला. तो वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. रिंगजवळ तातडीच्या उपचारांची पुरेशी सोय नव्हती म्हणून न्यायालयाने ब्रिटिश बॉक्सिंग मंडळालाच जबाबदार धरलं. रुग्णवाहिका, रिंगजवळचे डॉक्टर, वेळेत लढत थांबवणारा रेफरी हे सगळं या इजेसाठी आहे आणि ते हवंच.

एक गोष्ट मात्र इथेही निसटते. ऑगस्ट 2025 मध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच संध्याकाळी लढलेले दोन बॉक्सर मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यातला शिगेतोशी कोतारी पूर्ण 12 फेऱ्या उभा होता आणि लढत बरोबरीत सुटली होती. कोसळला तो नंतर.

आता दुसरी इजा. हिच्याविषयी लिहायला बसलो ते याच रागाने, की ‘त्याचा जबडा लोखंडाचा आहे, कधी पडलाच नाही’ हे वाक्य अजूनही कौतुकाने बोललं जातं. अहो, जो पडत नाही तो उभा राहून आणखी मार खातो! अली 61 लढती लढला. एकदाही दहापर्यंत मोजून बाद झाला नाही. 1980 मध्ये लॅरी होम्सविरुद्ध त्याच्या कॉर्नरने, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी, लढत थांबवली, वेळेआधी संपलेला तेवढाच त्याचा पराभव. 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. ते बॉक्सिंगमुळेच झालं का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही, त्यामुळे पुरावा म्हणून अलीचं नाव घेणं मला पटत नाही. पण ‘नॉकआउट नाही, म्हणजे इजा नाही’ असं म्हणणाऱ्याला गप्प करायला त्याची कारकीर्द पुरेशी आहे.

ही साचत जाणारी इजा रक्तस्रावाची नसते. वर्षानुवर्षं डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांनंतर मेंदूच्या वळ्यांच्या खोबणीत, बारीक रक्तवाहिन्यांभोवती ‘टाऊ’ नावाचं प्रथिन गोळा व्हायला लागतं. यातला बहुतेक धक्का असा असतो की खेळाडूला चक्करसुद्धा येत नाही. तो हसतो, ग्लोव्हज वर करतो, पुढे सरकतो. पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. म्हणून ‘एमआरआय क्लिअर आला’ हे ऐकलं की माझं डोकं उठतं. एमआरआय ताजा रक्तस्राव दाखवेल, पण त्यात काही दिसलं नाही म्हणून साचलेला मार पुसला जात नाही.

बरं, हे नवीन ज्ञानही नाही. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने 1928 मध्ये अशा बॉक्सरांची लक्षणं नोंदवली: लटपटती चाल, मंदावलेल्या हालचाली, पुढे बुद्धीवर परिणाम. यात कोण जास्त सापडतं तेही त्याने लिहून ठेवलं. एक, बचाव न करता मारामारीच करणारे. दुसरे, मोठ्या बॉक्सरच्या सरावासाठी वापरले जाणारे दुय्यम खेळाडू, म्हणजे स्पारिंग पार्टनर. जवळजवळ शंभर वर्षं झाली, आणि आपण अजून लढतीच्या फेऱ्याच मोजतोय.

साधा हिशेब करा. समजा एखादा व्यावसायिक बॉक्सर वर्षात 12 फेऱ्यांच्या तीन लढती लढतो. झाल्या 36 फेऱ्या. तोच आठवड्यातून दोनदा सहा-सहा फेऱ्यांचं स्पारिंग, म्हणजे सरावातली लढत, 40 आठवडे करत असेल तर होतात 480. या 480 फेऱ्यांना ना रेफरी, ना डॉक्टर, ना कॅमेरा. लढत 12 ऐवजी 10 फेऱ्यांची केली तर थकलेल्या शेवटच्या दोन फेऱ्यांतला जीवघेणा धोका कमी होतो, आणि ते चांगलंच आहे. वर्षाच्या बेरजेत मात्र त्याने फरक पडतो फक्त सहाचा.

हेडगार्डचं एका परिच्छेदात उरकतो. भुवई फुटणं, कान सुजणं, डोक्याला डोकं आपटणं यासाठी ते उत्तम. पण नारळ कापडात गुंडाळून हलवला तरी आतलं पाणी डुचमळायचं ते डुचमळतंच. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड आलं, 2013 मध्ये पुरुषांच्या वरिष्ठ गटातून ते काढलं गेलं, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय खेळले आणि महिला घालून. ते काढल्यावर जखमा वाढल्या, एवढं नक्की. स्पारिंगला ते घालावंच, या मताचा मी आहे. पण ‘हेडगार्ड आहे, मार जोरात’ असं ओरडणाऱ्या कोचकडे मुलाला पाठवू नका. तेच 16 औंसाच्या ग्लोव्हजचं. ठोसा मऊ लागतो म्हणून पोरं दुप्पट ठोसे मारतात आणि खातातही.

साचणाऱ्या इजेवरचा उपाय कंटाळवाणा आहे. जोराचं स्पारिंग मोजकं ठेवायचं, बाकी दिवस फक्त अंगावर ठोसे किंवा हलक्या हाताचं तंत्र. पॅड आणि बॅगवर हवा तितका घाम गाळा, तिथे उलट ठोसा येत नाही. आणि जिममध्ये कुणी गडबडला तर त्याला स्पर्धेचाच नियम लावायचा. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या माराने लढत थांबली की किमान 30 दिवस रिंग बंद असते, स्पारिंगसकट. मंगळवारी संध्याकाळी सरावात गुडघ्यावर आलेला मुलगा मात्र ‘डोकं जरा जड वाटतंय’ म्हणत गुरुवारी परत ग्लोव्हज बांधतो, कारण ते मंगळवारचं कुठेच लिहिलेलं नसतं. खेळाडूच्या नोंदवहीत लढतींचे निकाल असतात. त्याच पानावर स्पारिंगच्या फेऱ्यांचा रकाना आखायला कुठल्या संघटनेच्या परवानगीची गरज नाही, जिममधली पट्टी-पेन्सिल पुरते.