स्टेटस 186 जणांनी ‘पाहिलं’ म्हणजे नक्की काय?

“व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं की सगळ्यांना कळतं, डोळ्याच्या खुणेपुढचा आकडाच बघा ना!” हा समज बराच जुना आहे, आणि तो होणं साहजिकही आहे. आकडा खोटा नसतो. फक्त तो वाचणाऱ्यांचा नसतो.

एकाचं स्टेटस संपलं की पुढच्याचं आपोआप सुरू होतं. फोटो क्षणभर पडद्यावर आला, की पाहणाऱ्याचं नाव यादीत चढलं. करून बघा: एखाद्याचं स्टेटस उघडा, फोन ओट्यावर ठेवा आणि कणीक मळायला घ्या. तुम्ही नजरही न टाकलेल्या चार-पाच जणांच्या यादीत तुमचं नाव गेलेलं असेल.

उलटही घडतं. ज्यांनी ब्लू टिक बंद ठेवलीय, ते अक्षर न् अक्षर वाचतात, पण यादीत दिसत नाहीत. (आमची मावशी त्यातलीच, तिला सगळं ठाऊक असतं.) आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही, त्यांना स्टेटस दिसतच नाही.

त्यामुळे स्टेटसवर टाकलेलं बारशाचं आमंत्रण पोचलं का, हे कळायला विचारावंच लागतं. यादीतल्या कुठल्याही पाच जणांना फोन लावा: “बारसं कधी आहे, सांग बरं?” वार किती जणांना सांगता येतो, ते मोजा.