काटा 15 वर, पण आत हवा किती?

“अवजारं चांगली उकळून घेतलीत, आता काळजी नको.” हे वाक्य शिकलेल्या माणसांकडूनही ऐकू येतं. उकळत्या पाण्यात बहुतेक जिवाणू-विषाणू मरतात, हे खरंच. पण धनुर्वाताचा किंवा गॅस गँगरीनचा जिवाणू अडचणीत आला की बीजाणू बनवतो. बीजाणू म्हणजे आतलं बरंचसं पाणी काढून टाकलेली, जाड कवचातली सुप्तावस्था. 100 अंश सेल्सिअसला तो बराच वेळ तग धरू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या अवजारांना ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं पिंपासारखं यंत्र, लागतो. लुई पाश्चरचा सहकारी चार्ल्स शांबरलां याने तो 1879 मध्ये तयार केला.

रुग्णालय सुधारलं म्हणजे नवं सोनोग्राफी यंत्र आलं, अशी आपली समजूत असते. ऑपरेशन थिएटरमागच्या खोलीतल्या या पिंपाकडे कुणाचं लक्ष जात नाही. केंद्र सरकारच्या 2015 च्या ‘कायाकल्प’ योजनेत संसर्ग नियंत्रणाला वेगळे गुण आहेत आणि त्यात अवजारांचं निर्जंतुकीकरणही तपासतात. ग्रामीण रुग्णालयांसाठी मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

आता गंमत बघा. कोरड्या भट्टीत निर्जंतुकीकरणाला 160 अंशांवर 2 तास लागतात. वाफेत 121 अंशांवर 15 ते 20 मिनिटं पुरतात. तापमान कमी, वेळही कमी! कारण गार कात्रीला टेकताच वाफेचं पाणी होतं आणि प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 2,200 जूल सुप्त उष्णता कात्रीला मिळते. तेच एक ग्रॅम पाणी एका अंशाने निवलं तर जेमतेम 4 जूल देतं. शिवाय वाफेचं पाणी होताना आकारमान शेकडो पटींनी घटतं, तिथे जागा रिकामी होते आणि मागची वाफ आपोआप ओढली जाते. अशी ती कापडाच्या घडीघडीत शिरते. ओलाव्यात जिवाणूची प्रथिनंही लवकर उलगडतात. कोरडी प्रथिनं जास्त चिवट.

या सगळ्याचा शत्रू म्हणजे आत राहिलेली हवा. प्रेशर कुकरमधून वाफ जोरात येऊ लागल्यावरच शिट्टी ठेवायची, ही घरातली शिस्त इथेही लागू आहे. दाब मोजणारा काटा हवा आणि वाफ यांच्यात फरक करत नाही. तो दोघांची बेरीज दाखवतो. तापमान मात्र वाफेच्या वाट्याच्या दाबावर ठरतं. काटा 15 पौंडांवर (दर चौरस इंचाला) असताना हवा पूर्ण गेलेली असेल तर आत 121 अंश असतात. निम्मीच गेली असेल तर 112, आणि मुळीच गेली नसेल तर 100. म्हणजे बाहेरून सगळं ठीक आणि आत नुसतं उकळण्याइतकं तापमान!

हवा वाफेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते. म्हणून वाडगे तोंड वर करून न ठेवता कुशीवर आडवे ठेवायचे, अवजारं-कापडं भरलेल्या ड्रमची भोकं उघडी ठेवायची, कापड दाबून भरायचं नाही. ही कामं सिस्टर आणि वॉर्डबॉय यांच्या हातची आहेत, आणि रुग्णाची सुरक्षितता तिथेच ठरते. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू जरूर वाहा, पण झाकणाचं झिजलेलं रबर त्याने सुधारत नाही. ते बदलावंच लागतं.

‘99.9 टक्के जंतू मारतो’ अशी जाहिरात केलेल्या अतिनील किरणांच्या पेट्या दवाखान्यांना विकतात. किरण पडतील तेवढाच पृष्ठभाग त्या निर्जंतुक करू शकतात. कात्रीच्या सांध्यात किरण पोचत नाहीत. आणि 10 लाख बीजाणूंतले 99.9 टक्के मेले तरी 1,000 उरतात. चिवट बीजाणूंची संख्या 121 अंशांवर एक दशांश व्हायला 1.5 मिनिट लागतं असं धरा. 10 लाखांवरून एकावर यायला अशा 6 पायऱ्या, म्हणजे 9 मिनिटं. पण एक उरणं परवडत नाही. एखादा बीजाणू उरण्याची शक्यता 10 लाखांत एक इतकी खाली आणायची, तर आणखी 6 पायऱ्या. एकूण 18 मिनिटं. उरलेला आकडा कधीच शून्य होत नाही, फक्त शक्यता घटत जाते.

गठ्ठ्यावर लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या चिकटपट्टीचे पट्टे काळे झाले की काम झालं असं मानतात. बाहेरची पट्टी एवढंच सांगते की गठ्ठा तापला होता. खरी परीक्षा बीजाणूंच्या पट्टीची. ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ या निरुपद्रवी, पण अतिशय चिवट जिवाणूचे बीजाणू गठ्ठ्याच्या मधोमध ठेवून यंत्र चालवतात आणि मग ती पट्टी 55 ते 60 अंशांवर उबवतात. काही उगवलं तर त्या फेरीतला प्रत्येक ड्रम परत मागवायचा, यंत्र थांबवायचं आणि हवा कुठे अडकली ते शोधायचं.