लेन्स ‘लाभत नाही’ म्हणजे नेमकं काय?

ताडोबा आणि पेंच जवळ असल्यामुळे नागपुरात टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या, लेन्सचे हौशी पुष्कळ. त्यातले बरेच आता मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याकडे वळत आहेत, त्यामुळे डीएसएलआरच्या, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, चांगल्या लेन्स सेकंडहँड मिळतात. त्या घेणारे एक तक्रार हमखास करतात: ‘मित्राच्या कॅमेऱ्यावर फोटो खणखणीत येत होते, माझ्या कॅमेऱ्यावर मऊ, धूसर येतात. ही लेन्स मला लाभत नाही.’ लेन्सला कुणाचंही नशीब कळत नाही. या तक्रारीमागे शुद्ध भूमिती आहे आणि ती फार सुंदर आहे.

हात लांब करून अंगठा धरा आणि आधी एक, मग दुसरा डोळा मिटून पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. डीएसएलआरचा ऑटोफोकस याच तत्त्वावर चालतो. मुख्य आरसा थोडा पारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागचा छोटा आरसा खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस मॉड्यूलकडे वळवतो. तिथे लेन्सच्या दोन विरुद्ध कडांकडून आलेल्या किरणांच्या दोन वेगळ्या प्रतिमा बारीक सेन्सरपट्ट्यांवर पडतात. फोकस अलीकडे असेल तर त्या एकमेकींच्या जवळ येतात, पलीकडे असेल तर लांब जातात. म्हणजे एकाच मोजणीत मोटर कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची ते कळतं. १९८५च्या मिनोल्टा मॅक्सम ७००० पासून हे तंत्र सर्वसामान्यांच्या हाती आलं.

पण मोजणी होते खाली आणि फोटो उमटतो मागच्या सेन्सरवर. दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी असावी लागते. एपीएस-सी सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/१.८ ला (हा आकडा लेन्सच्या छिद्राचा; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) सेन्सरपाशी फोकसला मिळणारी एकूण मोकळीक जेमतेम ०.०७ मिलिमीटर! शिवाय हे मॉड्यूल बहुधा एफ/५.६ इतक्या छिद्रातले किरण पाहतं, तर फोटोत एफ/१.८ चे सगळे किरण येतात. गोलीय दोष असलेल्या, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न आणणाऱ्या, लेन्समध्ये या दोन किरणसमूहांचा सर्वोत्तम फोकस एकाच जागी नसतो. त्यासाठीची दुरुस्ती लेन्स कॅमेऱ्याला कळवते, पण तिच्यातही थोडी चूक राहू शकते. बॉडीची (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची) आणि लेन्सची चूक एकाच दिशेची असेल तर बेरीज होते, उलट दिशेची असेल तर ती मिटते. मित्राकडे चूक मिटत होती, तुमच्याकडे ती वाढते.

आता तपासणी. ५० मिमी एफ/१.८ लेन्ससाठी सुमारे २ मीटरवर, ट्रायपॉडवरून, छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या. या अंतरावर एपीएस-सीवर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तो, सुमारे ११ सेंटीमीटर असते. फोकस सेन्सरला समांतर अशा सपाट, ठळक छापील कागदावर धरा आणि शेजारी तिरपी पट्टी ठेवा. थेट तिरप्या पट्टीवर फोकस धरू नका, कारण फोकसबिंदू व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो त्यापेक्षा मोठा असतो आणि पट्टीवरचा नेमका कोणता आकडा त्याने धरला ते कळत नाही. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग आलटून पालटून अनंताला आणि सगळ्यात जवळच्या अंतराला नेऊन ठेवा आणि तिथून ऑटोफोकस करू द्या. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, तेच फोटो घ्या. तिथे मोजणी मुख्य सेन्सरच करतो, म्हणून तो आपला न्यायाधीश.

पिवळ्या बल्बखाली चाचणी घेऊ नका. वेगवेगळ्या रंगांचा फोकस किंचित वेगळ्या ठिकाणी पडतो, त्यामुळे निकाल सरकतो. मे महिन्याच्या दुपारी फुटाळा तलावाच्या काठावरून दूरच्या वस्तूवर लांब टेलिफोटो तपासायलाही जाऊ नका. तापलेल्या हवेच्या लहरी लेन्सवर विनाकारण आळ आणतात. आणि लेन्सच्या नळीवर ‘मेड इन जपान’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. तुमच्या बॉडीशी ती लेन्स जुळते का, हे त्या अक्षरांवरून कळत नाही.

सगळे फोटो एकाच बाजूला, साधारण तेवढेच चुकत असतील तर घाबरू नका. अनेक मध्यम आणि वरच्या श्रेणीच्या बॉडींत एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रोॲडजस्टमेंट, म्हणजे फोकसची ठरावीक चूक आकड्याने भरून काढायची सोय, असते. उणे २० ते अधिक २० मधला योग्य आकडा शोधून भरा. स्वस्त मॉडेलांत ही सोय सहसा नसते, घेण्याआधी मेनू उघडून बघा. झूम असेल तर दोन्ही टोकं तपासा, कारण एका टोकाला बरोबर बसलेला आकडा दुसऱ्या टोकाला चुकू शकतो. पण फोटो कधी पुढे, कधी मागे असे विखुरत असतील, तर कुठलाही आकडा कामाचा नाही. लाइव्ह व्ह्यूचे फोटो मात्र स्वच्छ येत असतील, तर तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावून बघा. तिथेही विखुरली तर झिजलेली मोटर किंवा सैल झालेला भाग यांचा संशय घ्या आणि सौदा सोडा.