वैमानिकांची सेवाज्येष्ठता

वैमानिकांची सेवाज्येष्ठता : विमान कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवरून वैमानिकाला मिळणारा यादीतील क्रमांक, आणि त्या क्रमांकाप्रमाणे विमानाचा प्रकार, कॅप्टनपद, बेस (जिथून काम सुरू होते ते शहर), महिन्याचे वेळापत्रक व सुट्ट्या निवडू देणारी पद्धत. बँकेत किंवा सरकारी कचेरीत सेवाज्येष्ठता आठवते ती बढतीच्या वेळी. वैमानिकाला ती दर महिन्याला कामाला येते. मुलाच्या वाढदिवसाला तो घरी असेल की दुसऱ्या खंडातल्या हॉटेलात, हे पुष्कळदा या आकड्यावर ठरते. कंपनी सुटली की क्रमांकही सुटतो. वीस वर्षांचा अनुभव असलेला कॅप्टन दुसऱ्या मोठ्या अमेरिकी कंपनीत गेला, तर यादीच्या तळाशी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून नव्याने सुरुवात करतो. अमेरिका आणि कॅनडा येथे ही पद्धत सर्वांत काटेकोरपणे पाळली जाते, म्हणून प्रस्तुत नोंदीत अमेरिकेचा विचार अधिक आला आहे.

उगम : पद्धत नेमकी कोठून आली याबद्दल दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ती रेल्वेची देणगी आहे. अमेरिकी रेल्वेवरील इंजिनचालक आणि गार्ड यांच्या संघटनांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सेवाज्येष्ठतेने पाळी व मार्ग निवडण्याची प्रथा रुजली होती. रेल्वेतील कामगार-मालक संबंधांसाठी १९२६ मध्ये केलेला कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांनाही लागू झाला, त्याबरोबर ही चौकटही विमान व्यवसायात आली, असे हे मत मांडणारे म्हणतात. दुसरे मत प्रथेचे मूळ सुरक्षिततेत शोधते. जुलै १९१९ मध्ये अमेरिकी टपाल खात्याच्या वैमानिकांनी संप केला. दाट धुक्यात विमान नेण्यास नकार दिल्याबद्दल दोघांना कामावरून काढले होते, हे त्याचे कारण. हवामान वाईट आहे असे म्हणणाऱ्याला वरिष्ठाने रोषापोटी वाईट मार्ग द्यावा किंवा घरी बसवावे, ही भीती पुढची बरीच वर्षे टिकली. वरिष्ठाच्या मर्जीवर न हलणारी यादी हा त्यावरचा उपाय होता, असे दुसऱ्या मताचे सार आहे. दोन्ही मतांत खरा विरोध दिसत नाही. यादीचा साचा रेल्वेचा, पण वैमानिकांना तिची निकड धुक्याने पटवली, असे मानणे उपलब्ध घटनाक्रमाशी अधिक जुळते.

डेव्हिड बेन्के यांच्या नेतृत्वाखाली १९३१ मध्ये स्थापन झालेल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनचा आरंभीचा लढा पगार व तासांचा होता. ई. एल. कॉर्ड यांच्या सेंचुरी एअरलाइन्समध्ये १९३२ च्या प्रारंभी पगारकपातीवरून संप झाला. त्यानंतरच्या वादातून १९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाचा ‘निर्णय क्रमांक ८३’ आला. त्याने उड्डाणाची महिन्याला ८५ तास ही मर्यादा घातली आणि पगार विमानाच्या वेगाशी जोडला. हा दुसरा भाग पुढे फार महत्त्वाचा ठरला. वेगाच्या जोडीला नंतर विमानाचे वजनही हिशेबात आले आणि मोठे विमान म्हणजे मोठा पगार हे समीकरण पक्के झाले. मग मोठे विमान कोणाला, हा प्रश्न आलाच. लेखी सेवाज्येष्ठतेची कलमे सामान्यतः १९३० च्या दशकाच्या अखेरीस व १९४० च्या दशकात करारांत स्थिरावलेली दिसतात. असोसिएशनचा पहिला करार १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी झाला. वजनाशी जोडलेला पगार सर्वत्र मात्र नाही. मालवाहू यूपीएस कंपनीत सर्व विमानांना एकच दर असतो, त्यामुळे तिथे विमानाची निवड जवळजवळ पूर्णपणे वेळापत्रक पाहून होते.

कार्यपद्धती : एकाच दिवशी रुजू झालेल्या तुकडीत कोण वर, हे काही कंपन्यांत वयावरून, काही ठिकाणी चिठ्ठी काढून, तर काही ठिकाणी सोशल सिक्युरिटी (अमेरिकेतील सरकारी ओळख) क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून ठरते. एका चिठ्ठीचा परिणाम माणूस तीस वर्षे भोगतो. जागा निघाली की वैमानिक तिच्यासाठी ‘बिड’ लावतात. जागा म्हणजे बेस, विमान आणि खुर्ची हे तिन्ही मिळून, उदाहरणार्थ शिकागो, बोइंग ७३७, कॅप्टन. त्या जागेवरच्या लोकांत महिन्याचे काम पुन्हा क्रमाने वाटले जाते. पूर्वी तयार वेळापत्रके, म्हणजे ‘लाइन’, कागदावर निघत व वरच्याने निवडून उरलेली खालच्याकडे जात. आता बहुतेक ठिकाणी प्रत्येकाची पसंती संगणकात भरून घेतात : शनिवार-रविवार मोकळे हवेत, पहाटेचे रिपोर्टिंग नको, अमुक रात्री घरी. क्रम न पुरलेल्यांना ‘रिझर्व्ह’ मिळतो. ठरावीक तास फोन जवळ ठेवायचा आणि बोलावणे आले की दोन-तीन तासांत विमानतळावर हजर व्हायचे.

विमान की वेळापत्रक : अंकगणितातून हा पेच सहज दिसतो. समजा, एका बेसवर ७३७ चे ३०० फर्स्ट ऑफिसर आहेत व एकीचा क्रमांक त्यांत तिसावा आहे. तिला दिवाळीला सुट्टी मिळते, सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या फेऱ्या मिळतात, रात्री ती स्वतःच्या अंथरुणात झोपते. तिने कॅप्टनपद घेतले की तासाचा दर एकदम चढतो, कारण पगारश्रेणीच्या वरच्या टोकाला फर्स्ट ऑफिसरचा दर कॅप्टनच्या साधारण दोन तृतीयांश असतो. पण कॅप्टनांच्या यादीत ती २९० वी होते, आणि रिझर्व्ह, नाताळची रात्र, पहाटेचे चार हे सगळे तिच्या वाट्याला येते. वाइड-बॉडी, म्हणजे आत दोन मार्गिका असलेल्या रुंद, विमानावर गेली तर महिन्यात कमी पण लांबलचक फेऱ्या असतात, चौदा-पंधरा तासांची उड्डाणे, बंकमधली तुटक झोप आणि दर परतीला बिघडलेले शरीराचे घड्याळ. काहींना तेच आवडते, कारण घरी सलग दिवस मिळतात. २०२३ च्या सुमारास अमेरिकेत कॅप्टनच्या जागा जाहीर होऊनही पुरेसे अर्ज न आल्याच्या घटना घडल्या, त्या याच हिशेबामुळे. त्याला महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे. वाढत्या मुलांच्या घरात आठवड्याचे दोन ठरलेले दिवस ही फार मोठी मिळकत असते.

बेसचाही असाच विचार होतो. न्यूयॉर्क महाग असल्याने आणि तिथे ये-जा करणे कठीण असल्याने तेथील कॅप्टनपद तुलनेने कमी ज्येष्ठतेत मिळते. दूरच्या राज्यात राहून तेथे कामाला येणारे वैमानिक क्वीन्समधील क्यू गार्डन्ससारख्या भागात ‘क्रॅश पॅड’ घेतात, म्हणजे अनेकांत वाटून घेतलेली, बंकबेडनी भरलेली भाड्याची खोली. या प्रवासाचा वेळ कामात धरला जात नाही.

यादीला धक्के : यादी सर्वांत जास्त हलते ती निवृत्तीच्या वयामुळे. अमेरिकेत १९६० पासून ते ६० होते. डिसेंबर २००७ मध्ये ६५ झाले. वरच्यांना पाच वर्षे मिळाली आणि खालच्यांची चाल तितकी वर्षे जवळपास थांबली. नोकरकपातीत उलट्या क्रमाने, तळापासून घरी पाठवतात. विलीनीकरणात तर सगळी यादीच विस्कटते. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी विकत घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या अनेक वैमानिकांना तळाशी टाकले गेले व पुढच्या कपातीत त्यांनाच आधी घरी बसावे लागले. त्यातून २००७ चा मॅककास्किल-बाँड कायदा झाला. याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्यात, असे तो सांगतो. यूएस एअरवेज व अमेरिका वेस्ट या कंपन्यांच्या २००५ मधील विलीनीकरणात लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी २००७ मध्ये निकाल दिला. रुजू होण्याची तारीख हाच एक निकष त्यांनी मानला नाही. त्या वेळी हातात असलेली जागा व पुढची अपेक्षाही पाहिली. यूएस एअरवेजच्या दीर्घ सेवेच्या, पण कपातीत घरी असलेल्या वैमानिकांना तो निकाल मान्य झाला नाही. २००८ मध्ये त्यांनी मतदानाने संघटनाच बदलली आणि दोन्ही गट कित्येक वर्षे वेगळ्या याद्यांवर उडत राहिले.

भारत : भारतात ज्येष्ठता यादी असते, पण महिन्याचे रोस्टर बहुतांशी कंपनीचा शेड्यूलिंग विभाग बनवतो. नोकरी बदलण्यालाही बंधन आहे : २०१७ च्या नियमांनुसार कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते. ज्येष्ठतेचा सर्वांत कडू वाद एअर इंडियात झाला. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापासून आंतरराष्ट्रीय सेवा एअर इंडियाकडे आणि प्रामुख्याने देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे होती. लहान विमानांमुळे इंडियन एअरलाइन्समध्ये कॅप्टनपद लवकर येई, तर एअर इंडियात मोठ्या विमानावर त्याची बराच काळ वाट पाहावी लागे. २००७ मध्ये दोन्ही एक झाल्या, पण बढतीच्या दोन वाटा एक होईनात. या प्रश्नावर नेमलेल्या न्या. धर्माधिकारी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी मे महिन्यात, मुंबईत बळ असलेल्या इंडियन पायलट्स गिल्ड या जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांच्या संघटनेने बोइंग ७८७ चे प्रशिक्षण दोन्हीकडच्या वैमानिकांना देण्यास विरोध करून संप पुकारला. ही विमाने विलीनीकरणाआधी जुन्या एअर इंडियाने मागवली होती, हा त्यांचा मुद्दा होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीनंतर ५८ दिवसांनी संप मिटला. विस्तारा या विमान कंपनीचे एअर इंडियातील विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाले.

विश्रांतीच्या नियमांचा ज्येष्ठतेशी थेट संबंध नाही, पण यादीच्या तळाशी असलेल्याला तेवढीच हमी असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे नियम जुलै व नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाल्यावर रात्रीच्या कामाबाबतच्या काही तरतुदींतून तिला तात्पुरती सूट देण्यात आली.