‘एंगेजमेंट’चा घोळ कुठून आला?

विद्यापीठे आणि कार्यालये आज ‘एंगेजमेंट’ (अभ्यासात किंवा कामात मनापासून गुंतणे) हा एकच शब्द वापरतात, पण तो तिथे दोन वेगळ्या वाटांनी आला. १९८४मध्ये एका अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने मांडले की विद्यार्थी अभ्यासात किती शारीरिक आणि मानसिक ऊर्जा घालतो, त्यावर त्याचे शिकणे ठरते. त्याचा शब्द मात्र ‘इन्व्हॉल्व्हमेंट’ होता. १९९०मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि वास्तुरचना कार्यालयातले कर्मचारी यांना जवळून पाहिले. माणूस कामात जीव कधी ओततो, हा त्याचा प्रश्न. त्याला तीन अटी दिसल्या: काम अर्थपूर्ण वाटणे, मोकळे वागण्यात धोका नसणे आणि त्यासाठी अंगात त्राण उरलेले असणे.

मराठीत या शब्दाला प्रतिशब्द शोधताना दमछाक होते. ‘सहभाग’ म्हटले की हजेरी आठवते, ‘गुंतवणूक’ पैशाने कधीच पळवली. ‘गुंतणे’ सर्वांत जवळचे, पण ते परिपत्रकात शोभत नाही. घोळ नुसता भाषांतराचा नाही. २०००मध्ये अमेरिकी विद्यापीठांत सुरू झालेले सर्वेक्षण विद्यार्थ्यांच्या मेहनतीबरोबर संस्था काय करते हेही तपासत होते. कंपन्यांमध्ये रुळलेली बारा प्रश्नांची यादी बरीचशी परिस्थितीविषयी विचारते: अपेक्षा स्पष्ट आहेत का, साधने मिळतात का, कामावर जिवलग मित्र आहे का. याउलट २००२मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झालेली मोजपट्टी उत्साह, समर्पण आणि तल्लीनता, म्हणजे मनःस्थिती मोजते. हा फरक किरकोळ नाही. परिस्थिती मोजली तर उत्तर व्यवस्थापनाने द्यायचे असते. मनःस्थिती मोजली की कमी गुणांचा ठपका माणसावरच बसतो.

२०१२नंतर ऑनलाइन अभ्यासक्रमांची लाट आली आणि क्लिक, व्हिडिओ पाहिल्याची मिनिटे हीच एंगेजमेंट ठरू लागली. खरा पुरावा मात्र वर्गातून येत होता. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातील २२५ अभ्यासांचा २०१४चा आढावा सांगतो की निव्वळ व्याख्यानांच्या वर्गात सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास झाले, तर सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थी नुसते न ऐकता स्वतः प्रश्न सोडवतात, चर्चा करतात अशा वर्गात सुमारे २२ टक्के. २०१९मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांत आणखी एक गोष्ट दिसली: सक्रिय वर्गातले विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले.

वाटणे आणि शिकणे यांतला हा फरक कार्यालयांतल्या प्रशिक्षणालाही लागू होतो. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या १९५९पासून ठाऊक आहेत: प्रतिक्रिया, शिकणे, वागणुकीतला बदल, परिणाम. अनेक प्रशिक्षणे अजूनही पहिल्याच पायरीवर, शेवटच्या पाच मिनिटांत भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मवर थांबतात.